'आम्हीच बघतो' या वाक्याचा कर्ता

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोकणातल्या वडिलोपार्जित घरांविषयी बोलताना एक वाक्य वारंवार कानावर पडू लागले आहे : 'घर पर्यटकांना भाड्याने देतो, एजन्सीबिजन्सी काही नाही, आम्हीच बघतो.' बोलणारा पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात असतो. घर दापोली, गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या वाडीत असते. मध्ये काही शे किलोमीटरचे अंतर आणि एखाद-दुसरा घाट असतो. ज्यांचा निर्णय अजून झालेला नाही, ते कागदावर दोन रकाने पाडतात. एका रकान्यात वाचणारे कमिशन आणि दुसऱ्यात होणारी दगदग. दोहोंची वजाबाकी करून 'स्वतः बघायचे' की 'कुणाला चालवायला द्यायचे' हे ठरवले जाते. माझे म्हणणे असे, की प्रश्न या रूपात मांडला तर त्याचे कोणतेही उत्तर अपुरेच ठरते. कारण 'आम्ही' म्हणजे कोण आणि 'बघणे' म्हणजे काय, हे त्यात आधी ठरलेलेच नसते. भाषेच्या शिक्षकाने या व्यवहारात तोंड घालण्याचे कारणही एवढेच. घोटाळा प्रथम वाक्यात होतो, हिशोबात तो मागाहून उतरतो.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. कोकणातले घर मालकावाचून राहणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांनी कोकणातले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या ओढून नेले. 'चाकरमानी' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' १९५५ सालची. गाव रिते होत जाण्याचे दुःख त्या कादंबरीत अंबूवहिनीच्या तोंडून येते, म्हणजे मागे राहिलेल्या बाईच्या तोंडून. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घर ओस पडते तेव्हा ते अगदी निर्मनुष्य क्वचितच असते. किल्ली कुणाच्या तरी खुंटीला असते, तुळशीला पाणी कुणीतरी घालत असते.

पालटले आहे ते एवढेच, की त्या ओस घराला आता भाडे येऊ शकते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या सेवांनी एखाद्या वाडीतले दोन खोल्यांचे घर बंगळूरच्या प्रवाशाच्या मोबाइलवर आणून ठेवले. २०१६ नंतर यूपीआयने पैशांची देवघेव क्षणांत होऊ लागली. पूर्वी दूर असण्याची जी अडचण होती, ती यंत्राने दूर केली असे वाटू लागले, आणि 'आम्हीच बघतो' हे वाक्य शक्य झाले.

या वाक्यामागचा मोह समजून घेतला पाहिजे. तो निव्वळ पैशाचा नाही. कोकणातले बंद घर फार वर्षे उभे राहत नाही. चार महिने कोसळणारा पाऊस, जांभ्याच्या भिंतींत मुरणारी ओल, वाशांना लागणारी वाळवी, कौलांवर उड्या मारणारी वानरे, हे सगळे मिळून दहा-बारा वर्षांत घराची रया घालवतात. दरवर्षी पावसाआधी छप्पर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, न्हाणीघराचे दार बसवून घ्यायचे, तर त्याला पैसा लागतो. आणि जिथे कुणी राहत नाही तिथे हा पैसा कितीही माया असली तरी चार भावंडांत वर्गणी काढून फार काळ जमत नाही. घर स्वतःचा खर्च स्वतः भागवू लागले तर ते टिकते. हे खरे आहे, आणि ज्यांना पर्यटकांना घर देणे म्हणजे पूर्वजांचा अपमान वाटतो त्यांच्या बाजूचा मी नाही. पडलेल्या घराने पूर्वजांचा सन्मान कसा होतो, ते मला कळलेले नाही.

तेव्हा घर भाड्याने द्यावे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. दुरून ते 'स्वतः' सांभाळावे का, एवढेच पाहू. त्यासाठी सांभाळण्याची कामे मोजावी लागतील. जाहिरात लिहिणे, छायाचित्रे चढवणे, तारखा लावणे, दर ठरवणे, विचारणांना उत्तरे देणे, पैसे घेणे, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची सरकारी नोंद करणे ही कामे पुण्यात बसून होतात, आणि बऱ्यापैकी होतात. आता दुसरी यादी. पाहुणे येण्याआधी घर उघडून झाडणे-पुसणे. चादरी, अभ्रे, टॉवेल धुणे, आणि जुलै महिन्यात ते वाळवणे. टाकीत पाणी चढले आहे की नाही ते पाहणे. पंपाने हवा धरली असेल तर त्यात पाणी ओतून तो पुन्हा सुरू करणे. वीज गेली तर लाइनमनला हाक मारणे. रात्री साडेअकराला रस्ता चुकलेल्या गाडीला बॅटरी घेऊन फाट्यावरून आणणे. पडवीत फुरसे निघाले तर घाबरलेल्या मुलांना आत घेणे आणि ते पकडणाऱ्याला बोलावणे. पाहुणे गेल्यावर बाटल्या वेचणे. आणि वर्षातले जे दिवस कुणीच येत नाही त्या दिवशीही खिडक्या उघडून वारा खेळवणे. या दुसऱ्या यादीतले एकही काम दुरून होत नाही. दुरून होतो तो फक्त त्या कामाविषयीचा फोन.

इथे मराठीचे व्याकरण मदतीला येते. 'करणे' आणि 'करवणे' यांतला भेद आपण विद्यार्थ्यांना शाळेपासून शिकवतो. 'मी पत्र लिहितो' यात लिहिणारा मी. 'मी पत्र लिहवतो' यात लिहिणारा दुसरा आणि लिहायला लावणारा मी. दुसरे क्रियापद प्रयोजक. पाणिनीय परंपरेत करवणाऱ्याला प्रयोजक कर्ता म्हणतात, त्याला 'हेतू' अशीही संज्ञा आहे. आणि ज्याच्याकडून करवून घेतले जाते, त्यालाही कर्ताच म्हणतात, प्रयोज्य कर्ता. करवणारा आला म्हणून करणाऱ्याचे कर्तेपण व्याकरणाने काढून घेतलेले नाही. आपला रोजचा व्यवहार मात्र ते सहज काढून घेतो. 'आम्हीच घर बघतो' हे वाक्य खरे तर 'आम्ही घर बघवतो' असे हवे होते. प्रयोजकाचा प्रत्यय गाळला की त्याबरोबर दुसरा कर्ताही वाक्यातून गळतो. त्याचे नाव जाहिरातीत नसते, करारात नसते, भाड्याच्या हिशोबात 'सफाई' या सदराखाली कुठेतरी असते.

हिशोबाचेच उदाहरण घेऊ. आकडे मी कल्पिलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. समजा, घराचे रात्रीचे भाडे चार हजार रुपये आणि वर्षात नव्वद रात्री घर लागते. उत्पन्न झाले तीन लाख साठ हजार. चालवायला घेणारी एखादी कंपनी यातले पंचवीस टक्के, म्हणजे नव्वद हजार मागते असे धरू. 'स्वतः बघितले' तर हे नव्वद हजार वाचतात, असा मालकाचा हिशोब. सरासरी दोन रात्रींचा मुक्काम धरला तर वर्षाला पंचेचाळीस वेळा घर लावायचे आणि आवरायचे. शेजारची वहिनी हे काम करते आणि दर खेपेला तिला पाचशे रुपये मिळतात. बावीस हजार पाचशे झाले. उरलेले सदुसष्ट हजार पाचशे रुपये कुणी मिळवले? मालक म्हणतो, मी. मी फोन घेतले, मी तारखा सांभाळल्या. त्याचे श्रम मला मान्य आहेत. पण त्या नव्वद रात्री कान उघडा ठेवून कोण झोपले, आणि उरलेले पावणेतीनशे दिवस खिडक्या कोणी उघडल्या, याचा रकाना हिशोबात नाही. कंपनीचे वाचलेले कमिशन ही बचत म्हणून दिसते. तिचा बराचसा भाग म्हणजे त्या वहिनीची न दिलेली मजुरी असते.

'स्वतः' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. एकदा तो कायद्यानेच विचारलेला आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात 'व्यक्तिशः जमीन कसणे' याची व्याख्या करावी लागली. स्वतःच्या श्रमाने कसणे, कुटुंबातल्या माणसाच्या श्रमाने कसणे, किंवा स्वतःच्या वा कुटुंबीयाच्या देखरेखीखाली मजुरी देऊन कसून घेणे, या तिन्ही गोष्टी कायद्याने 'व्यक्तिशः' मानल्या. मजुरी रोख असो वा वस्तुरूप, चालेल. मात्र पिकाच्या वाट्यावर जमीन दिली तर ते व्यक्तिशः कसणे नव्हे. त्यामागे मोठा इतिहास होता. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला होता. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. मुंबईत नोकरीला असलेल्या अनेक जमीनदारांना तेव्हा कळले, की दुरून येणारे पत्र म्हणजे देखरेख नव्हे.

राहत्या घराला हे कायदे लागू नाहीत आणि ते व्हावेत असेही मी म्हणत नाही. घर म्हणजे शेत नव्हे आणि वहिनी म्हणजे कूळ नव्हे. पण एक बोध घेण्याजोगा आहे. त्या कायद्याने मालकाला दोनच प्रामाणिक जागा ठेवल्या होत्या. एकतर तू किंवा तुझे घरचे माणूस तिथे देखरेखीला असले पाहिजे, किंवा मग वाट्यावर दिले आहे हे कबूल करून 'मी स्वतः' हा दावा सोडला पाहिजे. दुरून घर चालवणाऱ्याला या दोहोंमधली तिसरी जागा हवी असते. देखरेख मोबाइलवर, श्रम दुसऱ्याचे, आणि 'स्वतः'पण मात्र अबाधित. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'अतुल्य भारत' निवास व न्याहारी योजनेच्या नियमांतही मालक कुटुंबासह त्याच वास्तूत राहत असावा आणि त्याने एक ते सहा खोल्याच पाहुण्यांना द्याव्यात, अशी अट घातलेली आहे. यजमान घरात असतो, हे गृहीत धरल्याशिवाय 'घरगुती मुक्काम' या कल्पनेला अर्थच उरत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही उमगलेले दिसते.

यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले यंत्राचे. अंकी कुलूप बसवले की किल्लीचा प्रश्न मिटतो, कॅमेरा लावला की नजर राहते, असे सांगतात. कुलूप दार उघडते, हे मान्य. पंपाला पाणी ते पाजत नाही. आणि नजरेचे म्हणाल, तर एअरबीएनबीने एप्रिल २०२४ अखेरपासून घराच्या आत कॅमेरे लावण्यास जगभर मनाई केली आहे. पाहुण्याच्या खासगीपणाचा विचार करता ते योग्यच झाले. दुरून पाहणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत 'बघणे' या क्रियापदाला दोन्ही अर्थ आहेत, म्हणून हा गोंधळ आपल्याकडे अधिक सुखाने होतो. 'मुले कोण बघतं?' या प्रश्नाला 'मी खिडकीतून बघतो' असे उत्तर कुणी देत नाही. घराच्या बाबतीत मात्र ते खपून जाते.

दुसरे उत्तर कंपनीचे. एवढी कटकट असेल तर सरळ व्यावसायिक संस्थेकडे चालवायला द्यावे, म्हणजे सद्‌सद्विवेकाचा प्रश्नच उरत नाही. हा मार्ग 'आम्हीच बघतो'पेक्षा प्रामाणिक आहे, कारण यात मालक आपले दूर असणे मान्य करतो. पण अशी संस्था शहरातून चालत असेल, तर तीही शेवटी त्याच वाडीतल्या त्याच बाईला बोलावते. करणे, करवणे आणि करवून घ्यायला लावणे अशी एक पायरी वाढते, आणि नव्वद हजारांतून वहिनीपर्यंत पोचायचे ते पूर्वीइतकेच पोचते. संस्था निवडायचीच तर तिचे कार्यालय कुठे आहे, यापेक्षा तिची रात्री उठणारी माणसे कुठली आहेत आणि त्यांना काय मिळते, हे विचारून निवडावी.

एके काळी कोकणाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालते असे म्हटले जाई. चाकरमानी मुंबईत एका खोलीत दहाजण राहून महिन्याला गावी पैसे धाडत. पोस्टाची ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. तिच्या जागी आता जी देवघेव आली आहे तिची दिशा उलटी आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पाहुणा दापोलीच्या पाण्याने अंघोळ करतो, दापोलीच्या बाईने पुसलेल्या जमिनीवर वावरतो, आणि भाडे पुण्याच्या खात्यात जमा होते. तिथून थोडे पाचशे-पाचशेने परत येते. गावाकडून शहराकडे जाणारी ही मनीऑर्डर आहे. पर्यटनाने गावात पैसा येतो, या म्हणण्यात तथ्य आहे. पण तो येऊन राहतो की येऊन जातो, हे घराघरांतल्या अशा निर्णयांनी ठरते.

या निर्णयातली सर्वांत नाजूक बाब नात्याची आहे. किल्ली जिच्याकडे असते ती बहुधा भावकीतली वहिनी, काकू, किंवा तीन पिढ्यांच्या ओळखीच्या घरातली सून असते. तिच्याशी पैशाचे बोलणे अवघड जाते, आणि ते अवघड जाणे मालकाच्या सोयीचे असते. 'ती काय, घरचीच आहे' या वाक्याइतके कष्टांचे मोल बुडवणारे वाक्य मराठीत दुसरे नसेल. घरचीच असल्यामुळे तिला दिवाळीला साडी मिळते, आंब्याची पेटी तिनेच भरून द्यायची असते, आणि मजुरी ठरवणे हे परकेपणाचे लक्षण समजले जाते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'मध्ये (१९८५) वारसाहक्काचे बोलणे गावी राहिलेला भास्कर आणि मुंबईहून आलेला सुधीर यांच्यात चालते. घरातली अंगमेहनतीची कामे उपसणारा चंदू मात्र त्या बोलण्यात जवळजवळ नसतोच. नाटक शिकवताना मुले नेहमी भास्कर बरोबर की सुधीर बरोबर यावर वाद घालतात. चंदूविषयी कुणी विचारत नाही, आणि त्याच्याविषयी कुणी विचारत नाही हेच नाटकाने दाखवलेले असते. दूरस्थ घरांच्या चर्चेतही भास्कर-सुधीरांचे हिशोबच ऐकू येतात.

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. आमच्या चुलत घराण्याचे दापोली तालुक्यातले घर पर्यटकांना द्यायचे की कसे, याची चर्चा आम्हा भावंडांत वर्षभर चालू आहे. पुणे, ठाणे आणि बडोदे येथून मते येतात. पडद्यांच्या रंगापासून न्याहारीला घावन की पोहे इथपर्यंत सर्व ठरले आहे. शेजारच्या वहिनीने, जिच्याकडे अकरा वर्षे किल्ली आहे, एकच प्रश्न विचारला : 'भावोजी, रात्री पाहुण्यांनी हाक मारली तर मी उठायचं की नाही, तेवढं ठरवून सांगा.' या प्रश्नाला आमच्यापैकी कुणापाशी उत्तर नव्हते. कारण 'उठायचं' म्हटले तर ती नोकरी होते आणि तिचा पगार ठरवावा लागतो, 'नाही उठायचं' म्हटले तर घर चालत नाही. 'आम्हीच बघतो' हे वाक्य त्या एका प्रश्नावर कोसळते.

आपल्या पूर्वजांनी या कोड्याचे उत्तर वेगळ्या भाषेत देऊन ठेवले होते, असे मला वाटते. कोकणात 'राखणदार' हा शब्द माणसाइतकाच अदृश्य शक्तीलाही लावतात. प्रत्येक वाडीचा, बागेचा, जागेचा एक राखणदार असतो, आणि त्याला वर्षाकाठी राखण द्यावी लागते. कुठे नारळ, कुठे कोंबडा. मुंबईचा चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतो. या श्रद्धेवर विश्वास ठेवावा असे मी सुचवत नाही. तिच्यात दडलेला व्यवहार पाहावा एवढेच. मालक दूर असताना जागा सांभाळणारा दुसरा कुणी आहे, ही कबुली त्यात आहे. त्याचा मान ठरलेला आहे, तो चुकवता येत नाही, आणि तो कृपा म्हणून दिला जात नाही. अदृश्य राखणदाराला जे आपण बिनतक्रार देतो, ते दृश्य राखणदारणीला देताना 'घरचीच आहे' हे कसे आठवते?

आता निर्णयाकडे येतो. माझ्या मते दुरून घर स्वतः सांभाळण्याचा प्रश्न पुढील कसोट्यांवर घासून पाहावा. पहिली, तिथे रात्री उठणारे माणूस कोण, याचे उत्तर एका नावाने देता येते का? येत नसेल तर घर पर्यटकांना देऊच नये. स्वतःपुरते शाकारून ठेवावे. दुसरी, त्या माणसाला खेपेवर मजुरी न देता उत्पन्नाचा वाटा देण्याची तयारी आहे का? शहरातल्या कंपनीला जे पंचवीस टक्के देण्याचा विचार आपण शांतपणे करू शकतो, ते वाडीतल्या वहिनीला देताना हात आखडत असेल, तर तो अंतराचा दोष नाही. तिसरी, नाही म्हणण्याचा अधिकार तिच्याकडे आहे का? घरात लग्नकार्य आहे, भातलावणी आहे, अंगात ताप आहे, तर त्या तारखा बंद करण्याची मुभा तिला हवी, आणि त्यासाठी पुण्याची परवानगी लागता कामा नये. चौथी, दुरुस्तीची काही रक्कम तिच्या हाती आगाऊ आहे का? नळ गळू लागला की आधी छायाचित्र पाठवा, मग आम्ही ठरवतो, या पद्धतीने नळही जातो आणि माणूसही. आणि पाचवी, जाहिरातीत यजमान म्हणून नाव कुणाचे आहे?

या पाचही कसोट्या उतरल्या तर घर चांगले चालेल. पण मग 'आम्हीच बघतो' असे म्हणता येणार नाही. 'आमचे घर त्या बघतात, आम्ही तारखा आणि हिशोब सांभाळतो' असे म्हणावे लागेल. कुळकायद्याच्या भाषेत सांगायचे तर, वाटा देताच 'व्यक्तिशः' हा शब्द सोडावा लागतो. मला ते गैर वाटत नाही. उलट, शब्द सोडून घर राखता येत असेल तर सौदा स्वस्तच म्हणायचा.

यावर असे म्हटले जाते, की गावच्या माणसालाच जबाबदारी नको असते. वाटा देऊ केला तर ती म्हणते, 'नको, खेपेचे पैसेच बरे.' असे घडते, हे मलाही माहीत आहे. तोट्याच्या वर्षी वाटा शून्यावर येतो आणि खेपेची मजुरी हातात पडते, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. तेव्हा किमान ठरलेली रक्कम आणि त्यावर वाटा अशी रीत ठेवता येईल. तिने नकोच म्हटले तर तो नकारही उत्तर म्हणून स्वीकारावा. 'मी रात्री उठणार नाही' असे तिने सांगितल्यावर आपण घर भाड्याला लावतो, तेव्हा ती उठेलच, या हिशोबावर लावतो. त्या हिशोबाला काय म्हणायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

दूर असणे म्हणजे नेमके काय, हे एकदा सर्वांनाच कळले होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. महासाथीचे दिवस होते. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. कितीतरी मालकांना आपल्या घराचे छप्पर आहे की गेले, हे दिवसेंदिवस कळले नाही, कारण वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरे बंद होते. त्या दिवसांत ज्या घरांवर कुणी ताडपत्री टाकली, ज्यांच्या ओल्या गाद्या कुणी ओढून पडवीत आणल्या, ती घरे उभी राहिली. ताडपत्री टाकणाऱ्याला तेव्हा कुणी फोन करून सांगितले नव्हते. सांगणे शक्यच नव्हते. प्रयोजक कर्ता वाक्यातून पूर्ण पुसला गेला असतानाही क्रिया घडली. घर कोण सांभाळते या प्रश्नाचे याहून स्वच्छ उत्तर मिळणे कठीण.

आमच्या घराबाबतचे मत मी भावंडांना कळवले आहे. वहिनी यजमान, चौथा हिस्सा तिचा, किमान रक्कम ठरलेली, जून ते सप्टेंबर घर बंद, आणि रात्रीच्या हाकेला उठायचे की नाही ते ती ठरवील. हे मान्य नसेल तर दोन रकान्यांचा कागद फाडून टाकावा, छप्पर शाकारावे आणि कुलूप लावावे. कुलपाची किल्ली अर्थातच तिच्याकडेच राहील; तेव्हा त्याचेही तिला काय द्यायचे, ते आधी ठरवावे.